पात्यावरची नक्षी आणि कामगाराचा हात

(संघटनेच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात वेतन, पेन्शन आणि कंत्राटीकरण या प्रश्नांवर जाणकारांची भाषणे झाली. माझ्याकडे विषय आला आहे तो चाकूचा. मी नोकरीची सारी वर्षे रेल्वे वर्कशॉपच्या लोहारखात्यात काढली आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये हाताने चाकू घडवतो, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. आर.एम.एस.मधल्या बांधवांना चाकू काही नवा नाही. थैलीची सुतळी कापल्याशिवाय त्यांचे सॉर्टिंग सुरू होत नाही. पण मी ज्या चाकूबद्दल बोलणार आहे तो जरा वेगळा आहे.

या चाकूच्या पात्यावर नक्षी असते. कधी ती पाण्यावरच्या लाटांसारखी दिसते, कधी सागवानी फळीवरच्या रेषांसारखी, कधी पावसाच्या थेंबांसारखी. ही नक्षी रंगवलेली नसते आणि वरून कोरलेलीही नसते. ती पोलादाच्या अंगातच असते. बाजारात अशा पात्याला सरसकट 'दमास्कस' म्हणतात. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. ही नक्षी कामगाराच्या हातून येते आणि एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. मधली कडी तुटली की विद्या जाते. मग राजे, कंपन्या आणि मोठमोठे शास्त्रज्ञ यांनाही ती परत आणायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात. आपल्या दख्खनच्या पोलादाचे नेमके हेच झाले.

चाकू कसा घडतो

नक्षीचे पोलाद दोन जातीचे. एक थर जोडून केलेले आणि दुसरे मुशीत वितळवून केलेले. आज जगभर हाताने घडवलेले बहुतेक नक्षीदार चाकू पहिल्या जातीचे असतात. आधी त्याचीच कृती सांगतो.

दोन प्रकारचे पोलाद घ्यायचे. दोन्हीत कार्बन पुरेसा हवा, नाहीतर धार टिकणार नाही. त्यातल्या एकात सुमारे २ टक्के निकेल असते. दोन्हींच्या पट्ट्या कानशीने किंवा ग्राइंडरने स्वच्छ करायच्या आणि एकाआड एक रचून गठ्ठा बांधायचा. समजा दहा पट्ट्या झाल्या. गठ्ठा भट्टीत लाल झाला की त्यावर टाकणखार टाकायचा. तो वितळून पृष्ठभागावर पसरतो, हवेला आत येऊ देत नाही आणि मळ बाहेर घेऊन जातो. मग आच वाढवायची. गठ्ठा पिवळाधमक झाला आणि त्यावरचा टाकणखार तेलासारखा वाहू लागला, की तो ऐरणीवर घेऊन हलक्या पण चपळ हाताने ठोकायचा. लोहारखात्यातली माणसे याला सांधा मारणे म्हणतील. पहिल्या दोन-चार ठोक्यांतच सांधा बसतो किंवा फसतो. ऐरणीवर थांबून विचार करायला वेळ नसतो, कारण पोलाद दर क्षणाला थंड होत असते.

सांधा बसला की गठ्ठा ठोकून लांब करायचा, मधोमध तोडायचा, अर्ध्यावर अर्धा ठेवायचा आणि पुन्हा सांधा मारायचा. दहाचे वीस थर झाले. असेच पुढे चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. म्हणजे पाच वेळा तोडून जोडले की तीनशेच्या वर थर होतात. यांतला एकही सांधा कच्चा राहिला तर सगळी मेहनत भंगारात जाते.

नक्षी येते ती या थरांना वाकवल्यामुळे. तापलेली सळई दोरासारखी पिळली तर चांदण्या उमटतात. पट्टीवर आडवे चर पाडून ती पुन्हा सपाट ठोकली तर शिडी उमटते. उथळ खळगे पाडून सपाट केली तर थेंब दिसतात. कारागीर ऐरणीवर उभा असतो तेव्हा यांतले काहीच त्याला दिसत नसते. आत थर कुठे गेले असतील, हे त्याने मनातच पाहायचे असते.

मग पात्याला आकार द्यायचा, कानस आणि ग्राइंडर चालवायचा आणि त्यानंतर पाणी द्यायचे. म्हणायला पाणी, पण येथे बहुधा कोमट तेल वापरतात. पाते किती तापवायचे, याची जुनी आणि सोपी खूण लोहचुंबक ही आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर नेऊन पाते तेलात बुडवायचे. आता ते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ झालेले असते. म्हणून सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास पुन्हा तापवायचे. घासलेल्या भागावर गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग चढला की कडकपणा आणि चिवटपणा यांचा मेळ बसला म्हणायचे.

शेवटी पाते फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बुडवतात. साधे पोलाद काळवंडते, निकेलचे पोलाद उजळ राहते आणि इतका वेळ लपलेली नक्षी वर येते. कारागिराला आपले काम नीट दिसते ते तेव्हा.

मूठ लाकडाची. शिसव, बाभूळ, खैर, कुठलेही घट्ट रेषेचे लाकूड चालते, मात्र ते पुरते वाळलेले हवे. ओलसर लाकूड पुढे आकसते आणि मूठ खिळखिळी होते. पात्याचा मुठीत जाणारा भाग पूर्ण लांबीचा ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या चिकटवतात आणि पितळेच्या किंवा स्टीलच्या खिळ्यांनी पक्क्या करतात. मग मूठ घासून हाताला बसेल अशी करायची. ज्या माणसासाठी चाकू करायचा, त्याचा पंजा पाहून मूठ करायची असते. कारखान्यात साच्यातून निघालेल्या मुठीत आणि या मुठीत हाच फरक.

नक्षी म्हणजे बळकटी नव्हे, हेही सांगून ठेवतो. एकाच चांगल्या पोलादाचे, नीट पाणी दिलेले साधे पातेही तितकेच चांगले कापते. बाजारात दमास्कसच्या नावाने नुसती वरवर खोदलेली नक्षीही विकली जाते. अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेल्या पाते घडवणाऱ्या लोहारांच्या संघटनेने म्हणूनच कसोटी ठेवली. उस्ताद पदवीसाठी किमान तीनशे थरांचे पाते करायचे. त्याने लोंबता दोर एका वारात कापायचा, लाकडी तुळईचे तुकडे तोडायचे, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघायला हवेत आणि शेवटी ते पाते शिकंज्यात धरून ९० अंश वाकवले तरी तुटता कामा नये. कागदावरच्या सर्टिफिकेटपेक्षा ही परीक्षा मला अधिक पटते.

दख्खनचे पोलाद

आता दुसऱ्या जातीकडे येतो. मनमाडहून सिकंदराबादच्या गाडीत बसलात की नांदेड, मुदखेड, धर्माबाद, बासर मागे टाकून निजामाबाद येते. त्या जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. येथे आणि तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूच्या कितीतरी गावांत मुशीत पोलाद बनत असे. कानडी आणि तेलुगूत पोलादाला 'उक्कु' म्हणतात. त्यावरूनच इंग्रजीतला 'वूट्झ' शब्द आला असे मानले जाते.

सेलमच्या बाजूच्या पद्धतीची जुनी वर्णने उपलब्ध आहेत. मातीत भाताचा तूस मळून छोट्या मुशी करायच्या. त्यांत लोखंडाचे तुकडे, तरवडाचे वाळलेले लाकूड आणि रुईची पाने घालायची आणि तोंड मातीने बंद करायचे. अशा मुशी भट्टीत रचून भात्याने तासन्‌तास आच द्यायची. लाकूड-पाल्यातला कार्बन लोखंडात मुरायचा आणि गार झाल्यावर मूस फोडली की पोलादाचा गोळा हाती यायचा. आपल्या रुळांच्या पोलादात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. या गोळ्यात तो दीड टक्क्याच्या आसपास असे. तरवड आणि रुई आपल्या माळावर आजही उगवते. त्यांच्या जोरावर ज्यांनी जगातले नामांकित पोलाद केले ते हात गावच्या भट्टीवाल्यांचे होते.

हे गोळे इराणात जात. गोवळकोंड्याच्या पोलादाची नोंद सतराव्या शतकातल्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. एकोणिसाव्या शतकात व्हॉयसी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कोनसमुद्रमचे काम पाहून लिहिले, तेव्हाही तेथे खरेदीसाठी इराणी व्यापारी येत होते. इराणात त्या पोलादाच्या तलवारी घडत. त्यांतल्या अनेकांवर इस्फहानच्या असदुल्ला या कारागिराचे नाव सोन्याने कोरलेले आढळते. युरोपात ही पाती प्रसिद्ध झाली ती सीरियातल्या दमास्कस शहराच्या नावाने. विकणाऱ्या शहराचे नाव राहिले, घडवणाऱ्या उस्तादाचेही राहिले. कोनसमुद्रमच्या भट्टीपुढे भाता ओढणाऱ्याचे नाव मात्र एकाही पात्यावर नाही. मालाचा प्रवास जितका लांब, तितका पहिला कामगार विस्मरणात जातो, हे आपण आजही पाहतो.

विद्या गेली कशी आणि आली कशी

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर उत्तम नक्षीची पाती दुर्मिळ होत गेली. बंदुका आल्या, तलवारीची मागणी घटली. पुढे युरोपातले स्वस्त लोखंड आले आणि इंग्रजी अमलात गावोगावच्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. भट्टी विझली की मुलगा दुसऱ्या कामाला लागतो. बापाच्या हातात जे होते ते कागदावर नव्हते. दोन पिढ्यांत सारे संपले.

गंमत अशी की याच काळात युरोपातले विद्वान या पोलादाच्या मागे लागले होते. मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या चाकू-कात्र्या करणाऱ्या कारागिराबरोबर त्यावर प्रयोग केले. विजेच्या शोधांमुळे आपण ज्यांना ओळखतो ते फॅरडे एका लोहाराचे चिरंजीव होते. रशियात पावेल अनोसोव्ह यांनी वर्षानुवर्षे खटपट करून १८४१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येकाने थोडे थोडे हाती लावले, पण पूर्ण उलगडा झाला नाही. युरोपातले लोहार हे पोलाद आपल्या सवयीने पांढरे होईपर्यंत तापवत आणि ते घणाखाली फुटून जाई. ते बेताच्या लाल आचेवरच ठोकायचे असते, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होते त्यांना विचारले कोणी?

अखेर बरेचसे कोडे सुटले ते विसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोवन आणि फ्लॉरिडातले आल्फ्रेड पेंड्रे यांनी एकत्र काम केले. पेंड्रे घोड्यांना नाल ठोकणारे आणि पाती घडवणारे लोहार होते. जुन्या तलवारींच्या तुकड्यांची तपासणी आणि पेंड्रे यांच्या भट्टीतली नवी पाती यांची सांगड घालून त्यांनी १९९८ साली निष्कर्ष मांडला. त्या लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी अल्प अंश होता, लाख भागांत तीन-चार भाग इतकाही पुरे. पोलाद पुन्हा पुन्हा बेताने तापवून ठोकले की त्या अंशाच्या आधाराने कडक कण रांगेने गोळा होतात आणि तीच नक्षी. खनिज बदलले आणि हा अंश नाहीसा झाला, तर तीच कृती करूनही नक्षी येत नाही. विद्या जाण्याचे हेही एक कारण असावे, असे त्यांचे म्हणणे.

प्राध्यापकांपाशी सूक्ष्मदर्शक होते आणि लोहारापाशी आचेची पारख होती. दोघांतला एकही एकटा तेथवर पोहोचला नसता. आपल्या कामाच्या ठिकाणी साहेब आणि कारागीर यांच्यात असे किती वेळा घडते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

थर जोडण्याच्या कलेचीही अशीच कथा आहे. तीही मागे पडली होती. मेरीलँडच्या विल्यम मोरन यांनी खटपट करून ती पुन्हा साधली आणि १९७३ साली चाकू-कारागिरांच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली. त्यांनी कृती लपवली नाही. ती सांगणारी पुस्तिका प्रदर्शनात फुकट वाटली. आज जगभर ही कला पसरलेली दिसते, तिच्या मुळाशी हा मोकळेपणा आहे. विद्या वाटल्याने मोरन यांचे नाव उणे झाले नाही, उलट वाढले.

आपण काय करावे

बंधू-भगिनींनो, हे सारे मी तुमच्यापुढे का मांडतो? जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. कडकट्टच्या आवाजावरून समोरचा सिग्नलर कोण हे ओळखणारे कान त्याबरोबर गेले. वाफेचे इंजिन गेले आणि शिटीच्या, वाफेच्या आवाजावरून दोष ओळखणारे फिटरही गेले. वर्कशॉपांतल्या लोहारखात्यांत पूर्वी घणांचा आवाज थांबत नसे, तेथे आता हाताचे काम फारच थोडे उरले आहे. यंत्र आले म्हणून मी तक्रार करत नाही. पाठीचे कष्ट वाचले तर चांगलेच. पण कुशल माणूस निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते किंवा दर वर्षी बदलणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाकडे जाते, तेव्हा जागेबरोबर तीस-पस्तीस वर्षांची पारखही जाते. ती कुठल्याच हिशोबात दाखवली जात नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपापल्या कामातल्या खुणा लिहून काढा. आवाज, रंग, वास, हाताला लागणारा ताण, जे नियमपुस्तकात नसते ते. दुसरी, १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली येणाऱ्या मुलांना झाडूकामाला आणि चहा आणायला लावू देऊ नका. त्यांना जुन्या हाताशेजारी उभे करा आणि शाखेच्या बैठकीत त्याचा हिशोब मागा. तिसरी, जागा भरण्याची मागणी करताना नुसता आकडा देऊ नका. त्या जागेबरोबर कोणते कसब जाणार आहे, तेही निवेदनात लिहा.

धुळीची गोष्ट

चाकूच्या धंद्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर भाषण अपुरे राहील. इंग्लंडमधले शेफील्ड हे चाकूंचे माहेरघर. एकोणिसाव्या शतकात तेथे धार लावणारे कामगार वालुकाश्माच्या चाकांवर ओणवे बसून काम करत. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाई. डॉ. नाइट यांनी नोंदवले की कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे आणि ओल्या चाकावर काम करणारेही क्वचितच ४५च्या पुढे जात. धूळ ओढून घेण्याची साधने त्या काळात निघाली होती. पण काही कामगारांनीच त्यांना विरोध केला. धोका कमी झाला तर धंद्यात माणसे वाढतील आणि मजुरी पडेल, ही भीती. ज्या मजुरीने पोट भरायचे तिच्यासाठी छाती द्यायची, अशा कोंडीत माणूस सापडतो तेव्हा त्याला दोष देऊन चालत नाही. सर्वांनी मिळून दोन्ही गोष्टी मागायच्या असतात, आणि त्यासाठीच संघटना असते. आजही रिस्क अलाउन्स की मास्क, असा प्रश्न कोणी टाकला तर दोन्ही, असे उत्तर द्या.

हौसेने चाकू करणाऱ्यांनाही हे लागू आहे. लाकडाची धूळ १९९५ साली आणि स्फटिकी सिलिकाची धूळ १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली. शिसवासारख्या लाकडाच्या धुळीने अंगावर पुरळही उठतो. घासताना चांगला मास्क लावा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, हवा बाहेर जाईल अशी सोय करा.

आणि रेल्वेतल्या तरुण मित्रांना दोन सूचना. रुळाजवळ पडलेली डॉग स्पाइक पाहून चाकू करण्याचा मोह आवरा. तिच्यात कार्बन कमी असतो, धार टिकत नाही आणि १९६६चा रेल्वे मालमत्ता कायदा मात्र पक्का लागू होतो. दुसरे, जुन्या लाकडी स्लीपरचा तुकडा कोणी दिला तरी मुठीला लावू नका. त्यात क्रिओसोट मुरलेले असते, ते कातडीला आणि श्वासाला घातक आहे. बाभळीचे साधे, वाळलेले लाकूड कितीतरी बरे.

माझ्या शेडमध्ये सध्या दोन मुले शिकायला येतात. एक वेल्डरचा मुलगा आहे आणि एक पोस्टमनची मुलगी. मुलीचा सांधा माझ्यापेक्षा साफ बसतो. तिच्या पात्यावर ती स्वतःच्या नावाचे अक्षर उमटवते, आणि ते तसे उमटवलेच पाहिजे, असे मी तिला सांगितले आहे. कोनसमुद्रमच्या भट्टीवाल्याला जे मिळाले नाही, ते आपल्या मुलांना मिळावे.